वारा नेईल तिकडे, व्हिसा असेल तिथे

...आणि वर लिहितात काय, तर 'बॅग मऊ आणा'! अहो, मऊ म्हणजे किती मऊ? उशी आणू का? नाही, तुम्ही हसताय, पण मंडळाच्या सेक्रेटरींनी मला इथे उभं केलंय ते 'छोट्या शिडाच्या जहाजावरची सफर : उपयुक्त सूचना' या विषयावर बोलायला, तर लिहून घ्या, पहिली सूचना हीच. बॅग मऊ. कारण जहाज छोटं, त्यातली खोली त्याहून छोटी, आणि माझी सूटकेस पुण्याची! कडक! आईने चारही बाजूंनी सुतळी आवळून वर पांढऱ्या ऑइलपेंटने माझं नाव लिहिलंय, वडिलांच्या नावासकट, पिनकोडसकट. ती सूटकेस त्या खोलीत आत गेली की माणूस बाहेर राहतो. तेव्हा मऊ बॅग घेतली. घेतली ना! पण प्रश्न बॅगेचा नव्हताच हो... प्रश्न वाऱ्याचा होता.

थांबा, मुळापासून सांगतो. नोव्हेंबर दोन हजार पाच. रीडिंग, आमचं इंग्लंडातलं गाव. दुपारी चारला अंधार, ऑफिसच्या खिडकीतून एम-फोर हायवेवरचे लाल दिवे, समोर कोडमधला एक बग, जो सकाळपासून सापडत नव्हता. आणि माझ्या टेबलावर कुणीतरी विसरलेलं एक ब्रोशर. उघडलं, आणि मधल्या पानावर ती वाळू! निळ्या पाण्याच्या मधोमध पांढऱ्या वाळूची एक जीभ, वर एक झाड नाही, माणूस नाही, बाजूला दोन डोलकाठ्यांचं एक जहाज, शिडं उतरवून निवांत उभं. तुम्हाला सांगतो, मला दुसरं काही नको होतं. तिथे उभं राहायचं होतं. अनवाणी. पाच मिनिटं. मी ते पान मॉनिटरच्या कडेला चिकटवलं आणि त्यानंतर तीन महिने माझ्या कोडमध्ये समुद्राचा आवाज येत होता.

बायकोला दाखवलं. अर्चना माझी. जन्म मँचेस्टरचा, शाळा मँचेस्टरची, मराठी घरात शिकलेली, म्हणजे प्रेम अस्सल आणि लिंगं सगळी इकडची तिकडे. म्हणाली, "शेखर, तो वाळू किती सुंदर आहे! आपण जाऊया ना!" म्हटलं, ती वाळू. म्हणाली, "तेच!" आणि लगेच जहाजवाल्यांना फोन लावला.

फोन उचलला खुद्द कॅप्टनने. डंकन नाव, स्कॉटिश, आवाज पोत्यातून बटाटे ओतावेत तसा. मी विचारलं, साहेब, कार्यक्रम काय? पहिल्या दिवशी कुठलं बेट, दुसऱ्या दिवशी कुठलं? तर तो इतका हसला... म्हणाला, "प्रोग्रॅम? लॅडी, वी गो व्हेअर द विंड टेक्स अस!" लॅडी म्हणजे त्यांच्याकडे 'पोरा'. वारा नेईल तिकडे! अर्चनाने शेजारी डोळे मिटले. "किती रोमँटिक!" आहे ना. रोमँटिकच आहे. पण तिचा पासपोर्ट ब्रिटिश. माझा भारतीय! वर्क परमिटचा शिक्का, मागे पोलिस रजिस्ट्रेशन. अहो, तिथली बेटं म्हणजे दर चार तासांनी नवा देश. वारा नेईल तिकडे तिने जायचं. मी व्हिसा असेल तिकडे!

मग मी रजा टाकून लंडनला. एका काउंटरवर एक बाई बसल्या होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. म्हणाल्या, "आयटिनररी?" म्हटलं, बाई, शिडाचं जहाज आहे. "येस, बट विच डेट, विच आयलंड?" म्हटलं, ते वाऱ्यावर आहे. त्यांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला. म्हणाल्या, "सर, कॅन द विंड गिव्ह अस अ लेटर?"

मी डंकनला फोन केला, म्हटलं बाबा, वाऱ्याच्या वतीने तू पत्र दे. त्याने बिचाऱ्याने दिलं. चार बेटं, चार तारखा, आणि खाली बारीक अक्षरात 'हवामान अनुकूल असल्यास'. बाई म्हणाल्या, "अँड इफ इट इज नॉट अनुकूल?" म्हणजे मराठीत नाही म्हणाल्या, पण चेहरा तसाच होता. असे तीन काउंटर फिरलो. चार बेटांची परवानगी मिळाली. पुण्याहून आईचा फोन, "अरे चंदू, इंजिन तरी आहे का त्या होडीला?" म्हटलं, आहे, पण ते वापरत नाहीत. "मग कसली रे ती श्रीमंती!" म्हणाली, आणि आल्याच्या वड्या पाठवल्या.

इथे दुसरी सूचना घ्या. आलं. बोट लागणाऱ्यांनी आलं जवळ ठेवावं, जहाजाच्या मधोमध बसावं, आणि नजर क्षितिजावर ठेवावी. खाली बघायचं नाही, पुस्तक वाचायचं नाही, ब्लॅकबेरी तर नाहीच नाही. डंकनला माझं नाव चंद्रशेखर म्हणता येईना, तो मला म्हणायचा 'शेकर'. आणि पहिले दोन दिवस मी खरंच शेकर होतो, हलत होतो नुसता! पण आईच्या वड्या सगळ्या जहाजाला पुरल्या. बारा प्रवासी, बाराही चघळतायत.

तिसरी सूचना. चपला. चढतानाच एक मोठी टोपली पुढे करतात, त्यात सगळ्यांनी बूट टाकायचे, ते परत मिळतात थेट उतरायच्या दिवशी. देवळात असतं तसंच, फक्त इथे आठवडाभर. बाकीचे गोरे बिचकले. मी म्हटलं, द्या इकडे, आमचा जन्म गेला अनवाणी फिरण्यात. अंघोळीला दोन मिनिटं गोडं पाणी. इंग्रज मंडळी हैराण! मी म्हटलं, पुण्यात उन्हाळ्यात वाढलेल्या माणसाला दोन मिनिटं म्हणजे चैन आहे. आणि डंकनची एक सूचना मात्र खरंच पाठ करा. एक हात जहाजाला, एक हात स्वतःला. चालताना दोन्ही हातांत काही धरायचं नाही. चहासुद्धा नाही.

आणि तिसऱ्या दिवशी, तुम्हाला सांगतो... इंजिन बंदच होतं, पण त्या दिवशी मला ते ऐकू आलं. म्हणजे ऐकू आलं नाही, तेच ऐकू आलं. नुसतं पाणी. शीड एकदा फडफडतं आणि मग भरतं, आणि सगळं जहाज एका कुशीवर कलतं आणि तसंच जात राहतं. पुढे टोकाला एक जाळी बांधलेली असते, तिच्यात मी पालथा पडून राहायचो. खाली हात सोडला की बोटांना फेस लागायचा. माशांची एक ओळ पाण्यातून उडायची आणि परत आत जायची. मला वाटलं, माझ्या ऑफिसातला तो बग आत्ता कुठे असेल? आणि वाटलं, असू दे. किती दिवसांनी मला काहीतरी 'असू दे' वाटलं होतं! डंकन त्या जहाजाला 'शी' म्हणायचा, अर्चना म्हणायची 'तो बोट', मी म्हणायचो 'ते जहाज'. ते बिचारं सगळ्यांनाच ओ द्यायचं.

आणि मग पाचव्या दिवशी वारा फिरला.

सकाळी डंकन टेबलाशी आला, डोळे चमकतायत. "ब्यूटिफुल विंड, फ्रेंड्स! फ्रॉम द साउथ! आज आपण चौथं बेट सोडून देऊ. उत्तरेला एक जागा आहे..." आणि त्याने भिंतीवरच्या फोटोवर बोट ठेवलं. माझं ब्रोशर! माझं मधलं पान! तीच वाळू! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, सगळ्यात जास्त मीच वाजवल्या. मग टाळ्या थांबल्यावर मी हळूच विचारलं, कॅप्टन, हे बेट... कुणाचं?

"फ्रेंच."

माझ्याकडे इंग्रजी बेटांचे व्हिसे! डच शिक्काही होता एक! फ्रेंच... नाही. अहो, पृथ्वीवर इतकी वाळू आहे, वाऱ्याला फ्रेंचच वाळू दिसली? डंकनने डोकं खाजवलं. चांगला माणूस, म्हणाला मी वळवतो जहाज. अकरा माणसं माझ्याकडे बघतायत. अर्चना म्हणाली, "वळव. शेखर नाही तर मी पण नाही जाणार." आणि मी काय म्हणालो असेन? आपली माणसं काय म्हणतात? "छे छे! माझ्यामुळे कुणाची गैरसोय नको!" मराठी माणसाला बुडताना वाचवायला कुणी आलं ना, तरी तो म्हणेल, तुमचे कपडे भिजतील.

दुपारी नांगर पडला. डिंगी, म्हणजे किनाऱ्याला नेणारी छोटी होडी, भरली, सगळे गेले. अर्चनालाही मीच ढकललं. जहाजावर मी आणि डंकन. आणि समोर ती वाळू, पन्नास मीटरवर. फोटोत होती तशीच. खोटं बोलत नाही, रडू आलं मला. इतका लांब आलो, रीडिंगहून लंडन, तीन काउंटर, आल्याच्या वड्या... आणि शेवटच्या पन्नास मीटरला कागद कमी पडला.

डंकन शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "शेकर, कायदा म्हणतो उतरायचं नाही. म्हणजे पाय ठेवायचा नाही." म्हटलं, माहितीये. म्हणाला, "पोहणं म्हणजे उतरणं नव्हे."

आता पोहण्याचं म्हणाल तर मला फक्त तरंगता येतं. पुण्याच्या टँकवर डबा बांधून शिकलेलो, डबा सोडल्यावर प्रगती थांबली. डंकनने माझ्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक कठड्याला, आणि मी उतरलो पाण्यात. उताणा. कोमट पाणी, कानात पाणी, वर नुसतं आभाळ, आणि हळूहळू लाटांनीच मला ढकलत ढकलत नेलं. वारा नेईल तिकडे! वाळू जवळ आली हे मला कळलं पाणी उथळ झालं तेव्हा. लगेच पाय वर घेतले! कारण खाली टेकले, की तो फ्रान्स! टाच लागली की बेकायदा प्रवेश! मी आपला पोटावर हात बांधून, अंगठे वर काढून, देशाच्या दोन वीत वर तरंगतोय.

अर्चना धावत आली. गुडघाभर पाण्यात माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "खाली ठेव ना पाय. कोण बघतो?" म्हटलं, नको गं. पुढे कधी फॉर्मवर विचारलं, कधी बेकायदा कुठे शिरलात का, तर काय लिहू? ती हसली नाही. उठली, किनाऱ्यावर गेली, दोन्ही मुठी भरून आली, आणि ती सगळी ओली वाळू तिने माझ्या छातीवर ठेवली. हळूच. म्हणाली, "घे. तू नाही आला बेटावर, तर बेट आला तुझ्यावर."

बेट आलं, असं म्हणायचं होतं मला. नाही म्हणालो. पाच मिनिटं झाली असतील, जास्तच. मी तसाच पडून राहिलो. मला जे पाहिजे होतं ते अगदी तसंच नाही मिळालं, पण मी सुखी होतो हो, इतका सुखी मी नंतर कधी झालो का, आठवत नाही. मग डंकनने दोर ओढून मला परत घेतलं.

त्याच दिवशी अर्चनाने ठरवलं, हे परत होणार नाही. आणि तुम्हाला माहितीच आहे, मी परीक्षा दिली, फॉर्म भरले, दोन हजार आठ साली टाउन हॉलमध्ये शपथ घेतली, महापौरांबरोबर फोटो काढला. लाल ब्रिटिश पासपोर्ट आला. निळा भारतीय परत द्यावा लागला. तो काउंटरवर देताना हात जरा अडला, खोटं कशाला बोलू. अर्चना म्हणाली, "आता आपण दोघी एकाच लाइनमध्ये!" डंकनचं कार्डही आलं, 'शेकर, वाळू अजून तिथेच आहे, येऊन उभा राहा.' फेब्रुवारीची दोन आठवडे रजा टाकली. मऊ बॅग काढली.

आणि पुण्याहून फोन. आईची पंचाहत्तरी! फेब्रुवारीत! आता जायला नको? तर तुम्हाला सांगतो, मी परवा परत त्या लंडनच्या रांगेत. वेगळं काउंटर, वेगळ्या बाई, चष्मा तसाच नाकाच्या शेंड्यावर. "सर, आयटिनररी?" म्हटलं, पुणे. "पुण्यात कुठे?" म्हटलं, आईकडे. "पर्पज ऑफ व्हिजिट?" फॉर्मवर चौकोन होते हो. बिझनेस, स्टुडंट, टूरिस्ट... आई असा चौकोन नव्हता. मी पेन घेऊन उभा. मागे रांग. त्या फ्रेंच वाळूवर आता मी कधीही, कितीही वेळ उभा राहू शकतो, आणि आमच्या सदाशिव पेठेतल्या जिन्याला व्हिसा लागतो! काय करणार? वारा नेईल तिकडे. टूरिस्टवर टिक केली.

घरी येऊन आईला फोन केला, म्हटलं, येतोय. तिने आधी सांगितलं, बॅग कडक आण, मऊ बॅगेत लाडू फुटतात. मग विचारलं, "चंदू, किती दिवस राहशील रे?"

म्हटलं, "आई, परवानगी सहा महिन्यांची आहे. रजा दोन आठवड्यांची."