आत्याबाईंची दाढी

धंद्यातली एक गोष्ट सांगतो, माल वापरायला शिकवला की गिऱ्हाईक परत येतं. म्हणून धरमपेठेतल्या माझ्या स्टेशनरीच्या दुकानामागे दर रविवारी मी पोट्ट्यांना शाईच्या ठिपक्यांनी सावली भरायला शिकवतो. दाट ठिपके म्हणजे अंधार, विरळ म्हणजे उजेड. मीही व्हिडिओ बघूनच शिकलो.

नववीतली प्राची आत्याच्या वाढदिवसासाठी आत्याचं चित्र काढत होती. मी म्हटलं, "हनुवटीखाली थोडी सावली दे." तिनं हनुवटीवर, गालांवर, दिसेल तिथे ठिपके मारले आणि एकदम किंचाळली, "काका, आत्याले दाढी आली!"

खरंच की! चार दिवस दाढी न केलेल्या माणसासारखी आत्या माझ्याकडे पाहत होती. शाई काही खोडता येत नाही, आणि प्राचीला घ्यायला खुद्द आत्याच घरून निघाली होती.

"आता आत्या मले लय बोलन!" प्राची रडकुंडीला आली.

मी दुकानदार माणूस. बिघडलेला माल दुसऱ्या नावानं खपवणं मला जमतं. "रडू नको वं. तुझे आजोबा दाढी ठेवत होते ना? मग मार आणखी ठिपके, भरघोस दाढी कर. हे आजोबाच आहेत म्हणू."

आत्याबाई आल्या, चित्र हातात घेतलं आणि डोळ्यांना पदर लावला. "अवं माय! हुबेहूब आमचे बाबा!"

आम्ही दोघांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात आत्याबाईंनी चष्मा लावला.

"पण काहून गा भाऊ, बाबांनी माझे झुमके काहून घातले?"