यंतीचं 'इंगीह'

वर्ल्ड कपसाठी दोह्यात हॉटेलं उभी राहत होती ना, तेव्हाचं सांगते. आमची तिथली शेजारीण यंती जावा बेटावरच्या डोंगरातल्या खेड्यातली. तिथलं तिच्या वाट्याचं भाजीचं शेत थोरल्या भावाला रिसॉर्टवाल्यांना विकायचं होतं. फोनवर ती नुसती "इंगीह, इंगीह" करत राहिली. म्हणजे "होय जी". आपण कहाणी ऐकताना हुंकार देतो ना, तसा. भावाला वाटलं, होकारच!

"ताई, उद्या सौदा! थोरल्याला 'नाही' कसं म्हणू?"

"माझ्या श्रावणी सोमवारासारखं मौन धर. 'इंगीह'सुद्धा म्हणू नकोस."

भावाचा पुन्हा फोन आला. त्याने तीनदा विचारलं. यंती गप्प.

फोन ठेवून ती रडतच हसली. "म्हणाला, कळलं. नाही विकत."

हे ऐकून आमचे हे म्हणाले, "तू गप्प झालीस की मलाही लगेच कळतं."