मेंढरांच्या देशात लोकर

माझं जन्मगाव कोणतं म्हणून इचारलं तर काय सांगू तुमाला, मलाच पक्कं ठाऊक न्हाई. कागदावर सेनगाव तालुका हाय, घरही तिथलंच, हे आता तुमी बसलाव ते, पण माय सांगायची की तू झाला तव्हा आपली मेंढरं रिसोडच्या अंगाला एका पाटलाच्या वावरात बसवलेली व्हती, आन् पाचवी पुजायच्या आधीच बिऱ्हाड उठलं. गावाचं नाव तिला आठवत नव्हतं. तिला एवढंच ध्यानात व्हतं की त्या पाटलानं खताच्या बदल्यात दिलेली जवारी किडकी निघाली. माझ्या जन्माची आठवण म्हंजे किडकी जवारी. पुढं माझ्या हातून जे जे झालं ते बघितलं तर मायचं काही चुकलं न्हाई.

आमी मेंढकं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचं, पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात जायचं, आन् मिरगाच्या आधी माघारी यायचं. सगळा संसार घोडीच्या पाठीवर. खाली राहायच्या पालाचं कापड, त्यावर घोंगड्या, त्यावर पिठाचं गाठोडं, दोन्ही अंगाला भांडी, पिशवीत घातलेली नवी कोकरं, त्यांची मुंडकी तेवढी भाईर, कोंबड्या पायाला बांधून, आन् सगळ्यात वर लेकरू. हे सगळं घोडीवर लादणं म्हंजे खायचं काम न्हाई. माझा बाप असं बांधायचा की नाल्यात घोडी घसरली तरी ताटली वाजायची न्हाई. म्या ते काम बापाकडून शिकलो. म्हंजे मी शिकलो असं मला वाटायचं. लग्न होऊन पारू पहिल्यांदा आमच्यासंगं निघाली तव्हा बापाला म्हणलं आज मी लादतो. नव्या बायकोपुढं जरा दाखवायचं व्हतं. एका अंगाला वजन जास्त झालं आन् गावच्या पाणवठ्यावर, सगळ्या बाया बघून राहिल्या, तव्हा आख्खं बिऱ्हाड फिरून घोडीच्या पोटाखाली गेलं. कोंबड्या उलट्या लटकून बोंबलायला लागल्या. पारू पदरात तोंड घालून उभी राहिली. रडून राहिली का हसून राहिली ते म्या अजून इचारलं न्हाई. पण तव्हापसून सामान बांधायचं निघालं की ती माझ्याकडं एका खास नजरेनं बघती.

आमची सोनी त्या घोडीवर बसून फिरलेलं शेवटचं लेकरू. तिच्या टायमाला थंडी लई पडली एका साली, तव्हा पारूनं तिच्यासाठी लोकर कातली. निस्ती काळी लोकर, पांढरा केस एक न्हाई, रस्त्यानं चालता चालता सूत काढायची चाती फिरवायची आन् मेंढरावर ध्यान माझं. तिकडच्या एका सनगर म्हाताऱ्यानं त्या सुताची घोंगडी इणून दिली, चिंचोक्याची खळ लावून, अशी कडक की उभी केली तर उभी ऱ्हाईन. सोनी त्या घोंगडीत वाढली. टोचती टोचती म्हणायची आन् सोडायची न्हाई. मंग तिच्या शाळेपायी आमी फिरणं बंद केलं, मेंढरं कमी केली, थोडी ठेवली. पोरगी शिकली, नांदेडला नर्सचं झालं, पुण्यात नोकरी केली, आन् एक दिवस फोन आला की बाबा, मला न्यूझीलंडला म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्यात काम लागलं. म्या इचारलं हे कुठं आलं, तर म्हणे नकाशात सगळ्यात शेवटी. पारूनं इचारलं तिथं काय पिकतं. सोनी हसली, म्हणली माय, तिथं मेंढरंच मेंढरं हायत, माणसापेक्षा जास्त. तव्हा कुठं पारूच्या जिवाला जरा बरं वाटलं. ओळखीचं काहीतरी असन म्हणली तिथं.

विमानात दोनच बॅगा नेऊ देतात. बाकीचं सामान तिथं नवं घ्यायचं तर पगार सुरू व्हायच्या आधीच कंबर मोडन. म्हणून तिनं ठरवलं की कपडे, पुस्तकं, कुकर, भांडी, आन् ती घोंगडी असं सगळं एका खोक्यात घालून जहाजानं मागून मागवायचं. जहाजानं स्वस्त पडतं, फक्त येळ लागतो, दुसऱ्या लोकांच्या सामानासंगं एकाच डब्यात भरून जातं. हिंगोलीत एक शेखसाब हायत, ते असं सामान पुढं मुंबईला लावून देतात. सोनी म्हणली बाबा, फुगेवालं प्लास्टिक घ्या, भांड्याला गुंडाळा, घोंगडी चांगली धुवा, वाळवा, पिशवीत बंद करा, आन् तुमच्या डोक्यानं काही करू नका. एवढं बोलून ती विमानात बसली. शेवटचं वाक्य ती बोलली नसती तर बरं झालं असतं, काहून की तिथंच माझं डोकं चालू झालं.

शेखसाबकडं गेलो तर ते म्हणले, चाचा, समुंदर का माल है, वजन नको बघू, आकार बघा, जितकं खोकं मोठं तितकं भाडं. आन् अंदर खाली जगा नको, जहाज हलतं, सगळं फुटन. हे ऐकून मला लई आनंद झाला. दाबून भरायचं आन् फट ठेवायची न्हाई, हे तर माझं खानदानी काम. फुगेवालं प्लास्टिक बघितलं, भाव इचारला, आन् ठेवून दिलं. आत निस्ती हवा. म्या म्हणलं हवेला कोण पैसे देतं. घरी कोपऱ्यात कातरलेल्या लोकरीचा ढीग पडलेला, आजकाल ती कोणी घेत न्हाई, उकिरड्यावर टाकावं लागतं. त्यापेक्षा मऊ दुसरं काय असतं सांगा.

तर म्या लहान खोकं घेतलं, त्यात कपडे घातले, भांडी घातली, पायानं तुडवलं, वर बसलो, परत घातलं, आन् जिथं जिथं फट दिसली तिथं लोकर कोंबली. घोंगडी धुतली न्हाई. धुतली तर खळ जाती, वासही जातो, मंग ती घोंगडी कशाची. काठीनं झोडपली, उन्हात टाकली आन् घडी घालून मधोमध ठेवली. पारू दारात उभी. म्हणली, पोरीनं धू म्हणलं व्हतं ना. आन् ही घाण लोकर काहून कोंबून राहिले. म्या म्हणलं तू गप, तुला यातलं काय कळतं, माझा जन्म सामान बांधण्यात गेला. ती म्हणली, व्हय, म्या बघितलंय पाणवठ्यावर.

खोकं बंद करायच्या आधी भंडारा टाकला. देवाची हळद, ती तर टाकावीच लागती. आमच्यात मेंढरू इकायला निघालं तरी भंडारा लावल्याबिगर दावं सोडत न्हाईत, आन् हे तर पोरीचं बिऱ्हाड, समुंदर ओलांडून निघालेलं. चारी कोपऱ्यात एकेक मूठ टाकली. मंग वाटलं लांबचा पल्ला हाय, अजून एक एक मूठ. शेखसाबनं इचारलं चाचा, अचार, बी-बियाणं, चमडा, जानवर का कुछ? म्या छाती काढून म्हणलं काही न्हाई. खरंच सांगतो, खोटं बोलायचं मनात नव्हतं. लोकर हे काय सामान हाय व्हय? कोणी इचारलं घोडीवर काय लादलं, तर दोरीचं नाव घेतो का आपण?

खोकं पोचायला अडीच-तीन महिने लागले. सोनीचा फोन आला तव्हा आवाजावरूनच कळलं. बाबा, खोक्यात काय घातलं? म्या म्हणलं तुझं सामान. तर झालं असं व्हतं की खोक्याच्या शिवणीतून भंडारा गळत गळत गेला, त्यांच्या बंदराच्या गोदामात पिवळी पिवळी पूड सांडली, आन् तिथल्या सरकारी लोकांनी खोकं बाजूला काढून उघडलं. हळद हाय म्हणून त्यांना सोनीनं पटवलं. पण आत हात घातला तर लोकर. मेंढराच्या देशात मेंढराची लोकर, न धुतलेली, गोखरूचे काटे लागलेली. तिथं म्हणे भाईरची लोकर आली तर त्यांच्या मेंढराला रोग लागन म्हणून लई कडक कायदा हाय. आन् एक गोचीड निघालं. ते मेलेलं व्हतं का झोपलेलं, हे ठरवायला म्हणे दोन साहेब लागले.

सगळी लोकर जाळायची ठरली. म्या म्हणलं जाळू दे, आपल्याकडं ढीग पडलाय. सोनी म्हणली बाबा, त्या लोकरीच्या मधात माझी घोंगडी हाय, ती पण जाळतो म्हणून राहिलेत.

फोन मोठ्यानं लावलेला व्हता. पारू भाकरी थापत व्हती, तिचा हात थांबला. तिच्या डोळ्याला आता बारीक दिसत न्हाई, चाती कधीची माळ्यावर गेली. तो सनगर म्हातारा पण गेला. ती माझ्याकडं न बघता म्हणली, माझ्या हातचं तेवढंच राहिलं व्हतं.

बस. त्या दिवसापसून ती माझ्याशी बोलली न्हाई. भांडली असती तर म्या सांभाळून घेतलं असतं, उत्तरं तयार ठेवली व्हती. पण ती कुत्र्याशी बोलायला लागली. आमच्या कुत्र्याचं नाव फौजदार. फौजदार, भाकर वाढली म्हणून सांग. फौजदार, पाणी तापलंय. फौजदार बिचारा शेपूट हलवत माझ्याकडं यायचा. त्याला बी लाज वाटायला लागली व्हती असं मला वाटतं.

मंग सोनी त्या हापिसात गेली आन् तिथून तोंड दिसणारा फोन लावला. एक गोरी बाई, निळे हातमोजे घातलेली, टेबलावर आमची घोंगडी. बाईनं इचारलं, सोनीनं सांगितलं, मेंढरं धुता का. म्या म्हणलं कयाधू नदीच्या पाण्यात धुतल्याबिगर आमी कातरतच न्हाई. बाईनं चिमट्यात धरून गोचीड दाखवलं. म्या म्हणलं ते वाटंत चढलं असन. सोनीनं ते तिला सांगितलंच न्हाई, म्हणली बाबा, आता तुमी गप बसा. शेवटी एक मार्ग निघाला. घोंगडी भट्टीत घालून वाफेवर तापवायची, खर्च सोनीचा, आन् ती खराब झाली तर कोणी जबाबदार न्हाई. नाहीतर जाळायची. सोनी म्हणली तापवा. त्या महिन्याचा पगार झाला नव्हता, तरी म्हणली.

घोंगडी वाचली. पण सोनीच्या घरी आली तर निम्मी. वाफेनं आकसून अशी आटली की आंगावर घेतली तर पाय उघडे, पायावर घेतली तर आंग उघडं. खळ गेली, वास गेला, टोचणं पण गेलं. मऊ पडली म्हणे, शालीसारखी. सोनी सांगताना हसून राहिली व्हती पण लेकीचं हसू बापाला कळतं. म्या पारूला म्हणलं वाचली बघ. पारूनं फौजदाराला सांगितलं की कोंबड्या झाक.

असे बरेच दिवस गेले. तिथं थंडी सुरू झाली, आपल्याकडं उन्हाळा. सोनी ती घोंगडी खांद्यावर टाकून कामाला जायला लागली. एक दिवस फोन लावला तर तिच्या मागं खुर्चीत एक म्हातारी, पांढरे केस, आन् तिच्या मांडीवर घोंगडी. पारूला तेवढं बराबर दिसलं. म्हणली ही कोण, माझी घोंगडी घेऊन बसली ती.

सोनी म्हणली माय, काय सांगू. या आजीला आता काही आठवत न्हाई, पोटच्या पोरांची नावं पण न्हाई. दिवसभर घाबरल्यासारखी करायची. म्या घोंगडी खुर्चीवर ठेवली व्हती, तिनं ओढून घेतली आन् आता देतच न्हाई. घ्यायला गेलं की रडती. तुमी नाराज व्हसान म्हणून सांगितलं न्हाई. जन्म मेंढरात गेलाय म्हणे तिचा.

पारूनं फोन हातात घेतला, डोळ्याच्या अगदी जवळ नेला. म्हातारी खाली बघून घोंगडीतून काहीतरी उचलून राहिली व्हती, दोन बोटांनी, गवताची बारीक काडी लोकरीत कातली गेलेली असती ती. काढायची, मांडीच्या कडंला ठेवायची, परत बोट फिरवायची. घाई न्हाई काही. पारू लई येळ बघत बसली. मंग म्हणली, बराबर वेचून राहिली. ऱ्हाऊ दे तिच्यापशी. तुला दुसरी करू.

फोन बंद झाला. पारू तशीच बसली आन् म्हणली, चाती माळ्यावरून काढा. आन् त्या काळ्या मेंढीला धुऊन आणा, चांगली धुवा, म्या वास घेऊन बघन.

म्या आधी फौजदाराकडं बघितलं. फौजदार भाईर लिंबाखाली झोपलेला. म्हंजे मलाच म्हणली.

आता ती रोज कातायला बसती. सूत कुठं जाड व्हतं, कुठं बारीक, तुटलं की मला हाक मारती, मी जोडून देतो. इणणारा कोण भेटन ते माहीत न्हाई. जवळा बाजार गावाच्या अंगाला एक जण हाय म्हणतात, बघून येईन. बांधायचं काम मात्र मला न्हाई, हे घरात ठरून गेलंय, ते शेखसाबच करणार. माझ्याकडं फक्त भंडारा ठेवलाय, तोही चिमूटभर, पारूच्या देखत, खोक्याच्या भाईरून.

पहिलं आमी चालायचो आन् घर आमच्यासंगं चालायचं. सांजच्याला कुठं उतरायचं ते बाप हात वर करून दाखवायचा, पाल पडलं की तो खाली वाकून माती हातात घ्यायचा आन् म्हणायचा, हितं लेकरांना चारा-पाणी असू दे. मेंढरांना न्हाई, लेकरांना म्हणायचा. आता मला तिथली माती कुठं भेटायची. पण फोन ठेवताना मी सोनीला तेच म्हणतो, आन् ती पण हो बाबा म्हणती. तुमी पण लांबून आलाव, तुमचीही लेकरं कुठं कुठं असतीन. जिथं त्यांचं बिऱ्हाड उतरलं असन तिथं त्यांना चारा-पाणी असू दे.