भांडून मिळवलेला भोंगा

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या स्केलनेस गावाचे नगराध्यक्ष श्री. राल्फ पॉकलिंग्टन, जिल्हा कचेरीच्या किनारा विभागातून वेळात वेळ काढून आलेल्या मिस प्रिचर्ड, आपल्या चर्चचे रेव्हरंड ऑस्टिन, आजच्या उत्सवमूर्ती श्रीमती एनिड हकरबी, आणि मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्यांसह समस्त गावकरी मंडळी,

पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत. या, बसा. पुढे बसलं की काम अंगावर पडतं ही भीती या गावात फार जुनी आहे. एनिडबाईंनी सदतीस वर्षं तिच्याशी झुंज दिली आणि ती काही हटली नाही.

मी हीदर ॲपलव्हाइट. मला बहुतेक जण ओळखता ते इंजेक्शनमुळे. सरकारी दवाखान्याची परिचारिका म्हणून तुमच्या घरोघरी फिरले आहे. नगरसभेत मी एनिडबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसते; त्यांची ती खुर्ची आज त्या सोडताहेत. आज खरं तर त्यांनीच बोलायचं होतं. पण डॉक्टरांनी त्यांना मोठ्याने बोलायला मनाई केली आहे. का केली, ते ओघात येईलच.

निरोपाच्या भाषणात माणसाचे गुण गायचे असतात. पण एनिडबाईंनी परवा स्वयंपाकघरात चहा ओतता ओतता मला दम दिला, "अगं हीदर, माझं कौतुक करायला उभी राहिलीस तर मी उठून जाईन. झालं ते सांग." त्या कुजबुजूनच बोलतात हल्ली, पण दम होता तो. म्हणून झालं ते सांगते.

मी लग्न करून या गावात आले तेव्हा मंगळवारची सभा म्हणजे काय असतं ते पाहिलं. हेच सभागृह, हाच कुबट वास, हीच टेबलं. सार्वजनिक मुतारी कुठे बांधायची यावर दोन हिवाळे भांडण चाललं होतं. खाटीक आणि पोस्टमास्तर एकमेकांना चोर म्हणायचे आणि सभा संपली की एकाच गाडीतून घरी जायचे. लोक ओरडायला यायचे. पण यायचे. आणि सभा सुरू होण्याआधी दिवे मालवून एक छोटी फिल्म दाखवायचे. सरकारच्या त्या फिल्मा तुम्हाला आठवतात ना? रुळांवर खेळू नका. गोठलेल्या तळ्यावर जाऊ नका. शेतातल्या यंत्राजवळ लहान मूल सोडू नका. शांत, जाड आवाजाचा एक गृहस्थ सांगत असायचा, आणि त्याने नुसतं "आता नीट पाहा" म्हटलं की मुलं आईच्या कुशीत शिरायची. दोन मिनिटांची फिल्म, पण पाहिलेली मुलं महिनाभर तळ्याच्या वाटेला जात नसत. मग दिवे लागायचे, आणि ज्या तळ्याची भीती घातली त्याच तळ्याला कुंपण कधी घालणार, यावर लोक नगराध्यक्षांना धारेवर धरायचे. भीती वाटली की माणसं सभेत उठून उभी राहायची. तेव्हा हे इतकं सहज होतं की त्याला काही नाव असेल असं कुणाला वाटलंही नाही.

आपल्या गावाचीही एक फिल्म आहे. माहीत नाही असा इथे कुणी नसावा. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली ती आपल्याच खाजणात घेतली. ओहोटीला चिखल मैल-मैल उघडा पडतो, शिंपले वेचत माणूस आत जातो, आणि भरती समोरून न येता पाठीमागच्या ओहोळांतून येते. फिल्ममध्ये एक मुलगा धुक्यात आत जातो. बांधावर एक तरुण बाई उभी असते. ती हाक मारते. शेवटी चिखलात रबराचे छोटे बूट दिसतात आणि पाणी.

ती तरुण बाई म्हणजे एनिडबाई. आणि ती हाक म्हणजे "कॉलिन".

चार वर्षांपूर्वी कॅलम रीव्हने आपल्या गुत्त्यात जुन्या फिल्मांच्या संध्याकाळी सुरू केल्या. कॅलम, तू मागे आहेस ना? मान खाली घालू नकोस, तुझं वाईट काही सांगणार नाहीये. गर्दी मावेना म्हणून तो कार्यक्रम इथे आला. लोक लांबलांबून येऊ लागले. बिअर, मनुका घातलेला प्लम ब्रेड, आणि पडद्यावर लहानपणची भीती. भीती जुनी झाली की गोड लागते. आपली फिल्म लागली की सगळं सभागृह त्या बाईबरोबर एकसुरात हाक मारायचं, "कॉऽऽलिन", आणि हसायचं. कुणीतरी ती हाक चहाच्या मगांवर छापून घेतली. एनिडबाई मागे बसून पाहायच्या. हसायच्या नाहीत, रागवायच्याही नाहीत. इथल्या पहिल्याच संध्याकाळी कार्यक्रम संपताना त्या उठून एवढंच म्हणाल्या, "मंडळी, यानंतर सभा आहे. भोंगा बंद करायचा जिल्ह्याचा विचार आहे. थांबाल तर बरं होईल."

सभागृह रिकामं झालं. आम्ही सभासद आणि खुर्च्या रचणारा एक जण, एवढेच उरलो.

बांधावरचा तो भोंगा. धुक्यात भरती वळली की वाजायचा. तुमच्यातल्या निम्म्यांनी त्याची तक्रार केली असेल, कुत्री भुंकतात म्हणून. जिल्ह्याचं म्हणणं असं की आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. फोनवर सूचना पाठवू. हरकती मागवल्याची नोटीस वाचनालयाच्या दारावर लागली होती. मुदत संपली. एनिडबाईंची आणि माझी सोडून एकही हरकत गेली नाही.

गेल्या ऑक्टोबरच्या संध्याकाळी कॅलमने एनिडबाईंना व्यासपीठावर बोलावलं. ज्यांना ती संध्याकाळ आठवते त्यांनी मला क्षमा करावी, पण मिस प्रिचर्ड तेव्हा इथे नव्हत्या. कॅलमने माइक पुढे केला आणि अगदी आदराने विचारलं, "मिसेस हकरबी, त्या हाकेमागची गंमत सांगा ना. इतकी खरी कशी आली?"

एनिडबाईंनी माइक घेतला नाही. त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मला हाक मारायला दिलेलं नाव पीटर होतं. कागदावर तसंच होतं. मी बांधावर उभी राहिले, धुकं होतं, आणि माझ्या तोंडून कॉलिन गेलं. फिल्म घेणारा म्हणाला, वा, फार छान, आणखी एकदा करू या. मी म्हटलं, पुन्हा नाही करणार. म्हणून तीच ठेवली."

"कॉलिन कोण?" कॅलमने विचारलं.

"माझा धाकटा भाऊ. सात वर्षांचा होता. मी नऊ वर्षांची. त्याच चिखलात."

सभागृहात कुणीतरी ग्लास खाली ठेवला, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मी त्यांच्या शेजारी इतकी वर्षं बसले, मलाही हे माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते सगळे आता टेकडीवरच्या दफनभूमीत आहेत. आणि एनिडबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. कॉलिन गेला त्या वर्षी त्यांच्या आईने काय केलं ते त्यांनी सांगितलं. आई रडत घरात बसली नाही. रोज दुपारी कोट चढवून एनिडचा हात धरून एकेक दार ठोठावत गेली. सह्या घेतल्या. मंगळवारच्या सभेत उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, "बाई, मुलांवर लक्ष ठेवलं असतं तर ही वेळ आली नसती." ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. आता तुम्ही माझ्याबरोबर लक्ष ठेवा." पुढच्या सभेला तोच माणूस तिच्या बाजूने बोलला. दोन वर्षांनी भोंगा बसला. एनिडबाई म्हणाल्या, "हा भोंगा आपल्याला कुणी दिलेला नाही. माझ्या आईने भांडून घेतलाय. मंगळवारी सभा आहे. या."

लोक रडले. मीही रडले. माणसं रांग लावून त्यांना भेटली. कॅलमने उरलेले चहाचे मग त्याच रात्री फोडून टाकले. बांधावर फुलं ठेवली गेली, पेपरात फोटो आला.

आणि मंगळवारी कुणीही आलं नाही.

मी हे टोमणा म्हणून सांगत नाही. मला ते अजून कळलेलं नाही. सगळ्यांचं मन खरोखर हललं होतं, मी पाहिलं आहे. एनिडबाई त्या दिवशी चार रिकाम्या रांगांकडे पाहत बसल्या आणि म्हणाल्या, "फुलं ठेवली की काहीतरी केल्यासारखं वाटतं, नाही का गं?"

नोव्हेंबरात भोंग्याची वीज तोडली. बांधावरच्या त्याच्या खोलीच्या दाराला जिल्ह्याचं नवं कुलूप आलं.

फेब्रुवारीतली ती दुपार. एनिडबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बांधाजवळची गाड्या लावायची जागा दिसते. तिथे एक गाडी उभी होती, आत कुणी नव्हतं, आणि समुद्राकडून धुकं भिंतीसारखं सरकत येत होतं. त्यांनी बचाव नौकेला फोन केला, मग कॅलमला केला. नौकेला वळसा घालून यायला वेळ लागणार होता. एनिडबाई कोट न घालताच बांधावर गेल्या. आधी भोंग्याच्या खोलीपाशी गेल्या. आत वीज नाही हे माहीत असूनही ते कुलूप त्यांनी दगडाने ठोकून पाहिलं. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. मग त्या बांधावर चढून ओरडू लागल्या.

काय ओरडत होत्या, ते मी नंतर मुद्दाम विचारलं. मला वाटलं होतं ते नाव त्यांनी घेतलं नव्हतं. म्हणाल्या, "नाव कशाला? परक्या माणसाला नावाने काय कळणार? त्याला दिशा हवी असते. मी नुसतं 'इकडे' म्हणत होते."

इकडे. इकडे. कॅलम त्याची व्हॅन घेऊन पोहोचला आणि त्याने हॉर्नवर हात दाबून धरला, तोवर त्या ओरडतच होत्या. त्यानंतरही थांबल्या नाहीत. कॅलम सांगतो, "मी म्हटलं, मिसेस हकरबी, बास करा, हॉर्न आहे. तर म्हणाल्या, हॉर्न रस्त्यावरही वाजतो. माणसाचा आवाज बांधावरच असतो."

धुक्यातून एक माणूस आला. छातीपर्यंत पाणी, खांद्यावर त्याची मुलगी, तिच्या पायात एकच बूट. किनाऱ्यापासून लांबच्या शहरातून सहलीला आलेले, शिंपले वेचायला गेलेले. निरोप मिळून मीही पोहोचले होते; मी त्यांना घोंगडीत गुंडाळत होते तेव्हा तो माणूस परत परत एकच सांगत होता, "फोन खिशात थरथरला होता हो. पण हात चिखलाने भरलेले. म्हटलं, नंतर बघू."

मुलगी बांधाखाली पाहत होती. ती ज्या वाटेने आली तिथे आता नुसतं पाणी होतं.

एनिडबाईंना त्या रात्री ताप भरला, न्यूमोनिया झाला. जीव वाचला, आवाज गेला. म्हणून आज त्यांच्या जागी मी उभी आहे.

मिस प्रिचर्ड, मार्चमध्ये तुमच्या कचेरीचा अहवाल आला. तो तुम्ही लिहिलेला नाही हे मला माहीत आहे, आणि आज इथे येण्याचा मोठेपणा तुम्ही दाखवलात त्याबद्दल मी आभारी आहे. पण त्यातली वाक्यं गावकऱ्यांनी ऐकायला हवीत. सूचना वेळेवर पाठवण्यात आली. जीवितहानी नाही. नवी व्यवस्था समाधानकारक आहे. म्हणजे कुणी बुडालं नाही, म्हणून भोंग्याची गरज नाही. कुणी बुडालं असतं तर? तर कदाचित असती. हे वाक्य मी मनात अनेकदा उलटसुलट करून पाहिलं आहे.

मे महिन्यात भोंग्याचा खांब उतरवणार आहेत. आपल्या नगरसभेने ठराव करून तो स्वतःच्या ताब्यात घेतला, तरच तो राहील. ठरावाला पाच सभासद हजर लागतात. एनिडबाई आजारी पडल्यापासून आम्ही चारच बसतो, आणि आता त्यांची जागा रिकामी होते आहे. त्यांच्या जागेसाठी नाव द्यायची मुदत शुक्रवारी संपते आहे, आणि आज संध्याकाळपर्यंत एकही नाव आलेलं नाही.

निरोपाची भेट काय द्यावी म्हणून आम्ही एनिडबाईंना विचारलं होतं. राल्फसाहेबांच्या मनात चांदीचं ताट होतं. त्यांनी मान हलवली आणि माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "ताट नको. एक माणूस दे." ते मला देता येत नाही. ते माझ्या हातात नाही, राल्फसाहेबांच्याही नाही. ते फक्त तुमच्यातल्या कुणा एकाच्या हातात आहे. तो एक कोण, हे मला माहीत नाही. तुम्ही सगळे शेजारच्याकडे पाहताय, एवढं मात्र इथून दिसतंय.

एनिडबाई, तुम्ही उठून गेला नाहीत याबद्दल मी तुमची ऋणी आहे. अध्यक्ष महाराजांनी मला आखून दिलेली वेळ मी ओलांडली, पाहुण्यांसमोर घरचं भांडण काढलं, आणि आनंदाच्या प्रसंगी सुतकी बोलले. या तिन्ही गोष्टी सर्वांनी मोठ्या मनाने पोटात घालाव्यात. चहा मागच्या टेबलावर आहे, प्लम ब्रेड रेव्हरंड ऑस्टिन यांच्या घरून आला आहे, त्यांचेही आभार.

आणखी एक, मग मी बसते. पुढचे तीन दिवस उधाणाची भरती आहे. आत्ता बाहेर जाऊन पाहिलं, तर वारा पडला आहे आणि धुकं बांधाशी येऊन थांबलं आहे. घरी जाताना बांधावरून जाऊ नका. वरच्या रस्त्याने जा, आणि मुलांचे हात धरून जा.