सुमित्राबाईचा तीळ

...आणि वरून लोकं म्हणते, कलाकाराचं काय, बसल्या जागी ब्रश फिरवला का झालं. अरे, फिरवून पाहा एखाद्या दिवशी. तुमाले सांगतो, आमच्या प्रफुलसारखा सरळ माणूस साऱ्या वर्ध्यात भेटणार नाई, आणि त्याच्यासारखा फसलेलाही भेटणार नाई. सकाळी नऊ ते सहा तो एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढते, आणि त्याच्या आधी पहाटे उठून, मागच्या खोलीत बसून, लोकाइच्या मेलेल्या माणसाइची चित्रं काढते. हाव, मेलेल्याइचीच. जिता माणूस तर मोबाईलमध्येच मावते, त्याचं चित्र कोण काढून घेते?

धंद्याचं नाव 'मयुरी आर्ट्स'. मयुरी म्हणजे त्याची बायको. तिले ब्रश कोण्या टोकाकून धरते तेही माहीत नाई, पण बोर्डावर नंबर तिचा, म्हणून लोकाइची बोलणी सारी तिच्या कानात.

आता एक्स-रेचं पाहा, तिथं कोणी कुरकुर करत नाई. आजवर एक पेशंट आला नाई का भाऊ, माह्या मांडीचं हाड जरा गोरं करून द्या. पण चित्र म्हटलं का... 'आमच्या बाबाइचं नाक एवढं नव्हतं.' 'केस काळे करा, मरताना पांढरे होते पण मनानं जवान होते.' एक बाई तर म्हणे, 'सासूबाई हुबेहूब आल्या, फक्त तोंड तेवढं बंद करा.' आता तुमीच सांगा, यात प्रफुलचं काय चुकलं?

तर ऐका. पवनारचे ताराचंदभाऊ, कापडाचं दुकान हाय त्याइचं. त्याइची आई सुमित्राबाई वारली. रविवारी तेरवी, आणि चित्र तेरवीलेच पाहिजे. फोटो मागतला तर एकच. तोही आधार कार्डावरचा, त्याच्यात बाईचं नाकही दिसत नव्हतं. मंग नातीनं गिरडच्या टेकडीवर गेल्यावर काढलेली सेल्फी निघाली. फोटो छान... मागं आभाळ, डोक्यावरून दोन्ही खांद्यावर पदर, आणि गालावर ठसठशीत तीळ. पण सेल्फीचं तुमाले माहीत हाय, काही मोबाईल डावं उजवं पालटून टाकते, काही नाई पालटत. म्हणून प्रफुलनं सरळ विचारलं, 'भाऊ, तीळ कोण्या गालावर होता?'

ताराचंदभाऊ म्हणे, 'डाव्या. मी समोर बसून जेवो ना, मले रोज दिसे.'

'तुमच्या डाव्या हाताले का त्याइच्या?'

ताराचंदभाऊनं आपला एक हात पाह्यला, मंग दुसरा. 'आमच्या घरच्या डाव्या,' म्हणे.

आता घरची डावी म्हणजे कोणती? बरं, त्याइची बहीण मंदाबाई, पुलगावले दिलेली, तिनं फोन करून सांगतलं, 'उजवा गाल. लहानपणी आई माह्या वेण्या घाले, मी आरशात तिच्याकडेच पाहो.' आरशात पाहे, बाई... म्हणजे तिचीही साक्ष उलटी. सेल्फी उलटी, बहीण उलटी, भाऊ आपल्या घरच्या डाव्याले धरून बसलेला. आता सांगा, यात प्रफुलचं काय चुकलं?

पण शुक्रवारी...

शुक्रवारी एक्स-रेच्या टेबलावर होते अण्णाजी नावाचे एक म्हातारे. पुतण्याच्या गाडीवरून पडलेले, उजवा पाय दुखावलेला. तुमाले एक सांगतो, एक्स-रे काढताना बाजूले शिशाचं छोटं अक्षर ठेवा लागते, डाव्याचं वेगळं, उजव्याचं वेगळं, म्हणजे डॉक्टरले फिल्म पाहून कळते का पाय कोणता. प्रफुलनं अक्षर हातात घेतलं आणि खिशातला फोन वाजला. मंदाबाई. मयुरीनं त्याचा नंबर दिला होता, बिचारी तरी किती जणाइले नाई म्हणन? मंदाबाई तिकडून बोलून राह्यली, 'भाऊ, ताराचंद खोटं बोलून राह्यला, आई माही होती का नाई? उजवा म्हणजे उजवाच.' प्रफुल 'हाव ताई, उजवा, उजवा' म्हणत राह्यला आणि हातानं डाव्याचं अक्षर ठेवून बटन दाबून मोकळा झाला.

फिल्म डॉक्टरकडं गेली, कागदावर 'डावा पाय' आलं. पायात बारीक तडा होता, सूज काही फार नव्हती. प्लास्टरवाल्यानं कागद पाह्यला, फिल्म पाह्यली, आणि अण्णाजीचा डावा पाय गुंडाळाले घेतला. अण्णाजी म्हणजे जुनी माणसं, दवाखान्यात जो पाय मागतला तो द्यायचा. दोन वेढे झाल्यावर हळूच म्हणे, 'सायेब, दुखते तो दुसरा हाय.'

आता सांगा, यात प्रफुलचं... नाई. इथं चुकलं. इथं सारं त्याचंच चुकलं, आणि ते त्याले कोणी सांगाचं काम नव्हतं. तो धावत गेला, अण्णाजीपाशी खाली बसला, हात जोडले. अण्णाजी म्हणे, 'जाऊ द्या ना बापा, दोन्ही पाय माह्येच होय.' त्यानं तर प्रफुलले आणखीनच लागलं. कोणी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शिव्या मॅडमनंही नाई दिल्या. मॅडम म्हणजे दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टर, पुण्याकडच्या, आवाज कधी चढत नाई त्याइचा. प्रफुलनं चित्राच्या फोनचं सारं खरं सांगतलं. ऐकून त्या म्हणे, 'प्रफुल, आज नुसती पट्टी होती. उद्या ऑपरेशन असतं तर?' मंग म्हणे, 'सोमवारी मला लिहून द्या, बाहेरचं काम बंद केलं म्हणून. नाहीतर मला दुसरा माणूस पाहावा लागेल.'

घरी आला, पायातले जोडे न काढता खाटेवर बसला. मयुरीले सारं सांगतलं. ती म्हणे, 'पोरगी दहावीत हाय आपली. बोर्ड मी उतरवतो, नंबर माहाच हाय.' आणि उठली नाई. दोघंही बसून राह्यले.

लोकं विचारते, मंग करतच काऊन होता हे काम? त्याचे वडील गेले तेव्हा घरात त्याइचा एक फोटो नव्हता. त्यानं आठवून आठवून चेहरा काढला. आई ते पाहून दोन दिवस त्याच्याशी बोलली नाई, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्या चित्रासमोर चहाचा कप ठेवला. तेव्हापासून लागलं त्याले हे.

पण घेतलेलं काम तर द्यायचं होतं. शनिवारी पहाटे उठून त्यानं चित्र पुरं केलं, तीळ सोडून. म्हटलं तिथं जाऊ, बहीणभावाचं एकमत झालं का लावू. रविवारी पवनारले गेला तो एका हातात चित्र, शर्टाच्या खिशात ब्रश आणि काळ्या रंगाची ट्यूब. तेरवीले असा माणूस पाह्यला तुमी कधी?

चित्र खुर्चीवर ठेवलं. बाया पदर डोळ्याले लावून राह्यल्या. ताराचंदभाऊनं पाह्यलं आणि म्हणे, 'तीळ कुठी हाय?' प्रफुल म्हणे, 'सांगा, आता लावतो.' 'डावा.' 'उजवा.' झालं सुरू. मामा डाव्याच्या बाजूनं, काकू उजव्याच्या. एक जण म्हणे दोन तीळ होते. स्वयंपाकवाला भाताचा झारा हातात घेऊन पाहत उभा. मंदाबाई रडाले लागली, 'मी दूर दिली म्हणून माहं कोणी ऐकत नाई.' ताराचंदभाऊ डोळे पुसत म्हणे, 'शेवटी दवाखान्यात मी होतो तिच्याजवळ, तू नव्हती.' तेव्हा प्रफुलले कळलं का हे भांडण तिळाचं नव्हतंच... पण ब्रश हातात घेऊन त्यानं उभं राहावं तरी किती?

कोणाले तरी सुचलं, महादेवरावले विचारा. महादेवराव म्हणजे सुमित्राबाईचे मालक. बावन्न वर्षांचा संसार. भिंतीले टेकून बसले होते. मंदाबाई जवळ जाऊन म्हणे, 'बाबा, तुमीच सांगा, आईचा तीळ कोण्या गालावर होता?'

म्हाताऱ्यानं तिच्याकडं पाह्यलं. 'तीळ होता तिले?' म्हणे.

महादेवराव उठले, भिंतीचा आधार घेत चित्रापाशी आले, आणि पाहत राह्यले. मंग सावकाश म्हणे, 'अशीच पाहे. मी घरी उशिरा आलो का दारात उभी राहून अशीच पाहे. बोले नाई कधी.' एवढं म्हणून तिथंच खाली बसले आणि दुपट्ट्यात तोंड झाकून घेतलं. ताराचंदभाऊ एका अंगाले बसले, मंदाबाई दुसऱ्या. तिळाचं नाव मंग कोणी काढलं नाई. प्रफुलनं ब्रश खिशात ठेवला आणि जेवायच्या पंगतीत गपचूप शेवटी जाऊन बसला.

येताना बसमध्ये खिडकीपाशी बसून त्यानं मनातल्या मनात कागद लिहून काढला. बंद म्हणजे बंद. दुसऱ्याचा पाय आपल्या पायी गेला असता, याच्यापुढं काय बोलायचं?

सोमवारी मॅडमच्या टेबलावर कागद ठेवला. मॅडमनं चष्मा लावून वाचला, सही केली, फाईलीत लावला. 'बरं केलंत,' म्हणे. प्रफुल वळला. दारापर्यंत पोचला तर मागून आवाज, जरा हळू...

'प्रफुल, दार लोटून घ्या जरा. माझ्या सासऱ्यांचं वर्षश्राद्ध आहे पुढच्या महिन्यात. ड्युटीच्या वेळात नाही, घरी, सवडीनं.' आणि पर्समधून एक जुना फोटो काढून पुढं केला. कपाळावर आठ्या, ओठ दाबलेले, डोळे असे का प्रफुलनं फोटो घेताना आपसूक मान खाली घातली.

'यात ते थोडे हसरे करता येतील का?' मॅडम खिडकीकडं पाहत म्हणे. 'अठरा वर्षं त्या घरात राहिले मी. एकदाही पाहायला मिळालं नाही.'

आता मघाचा कागद फाईलीत, फोटो हातात. तुमीच सांगा, त्यानं काय म्हणाचं होतं?

'पाहतो मॅडम,' म्हणे. 'दात दाखवायचे का नुसते ओठ?'