अर्धी दाढी

दुष्काळाच्या त्या वर्षी मी आठवडाभर अर्ध्या दाढीनं हिंडलो, पण डोकं फिरलं म्हणून नाय, हे आधी ऐकून घ्या. आमचं मंडळ शहराच्या कडेला हर्सूलला दर रविवारी लोकांना दाखवायला जुन्या काळचा बाजार उभा करतं, त्यात मी न्हावी व्हतो. जीपच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून लोहाराकडून वस्तरा घडवून घेतला, शिंगाची मूठ मीच बसवली. त्या काळी दाढी नुसत्या पाण्यानं भिजवायचे. माझ्या वस्तऱ्याखाली कुणी बसंना, म्हणून लोकांसमोर स्वतःचीच दाढी करायला घेतली.

एक गाल झाला अन् वाटीतलं पाणी संपलं. मी मंडळाच्या अध्यक्षांना म्हटलं, "शंकरराव, वाटीभर पाणी द्या."

"इथवर कॉलन्या झाल्या, तरी नळाला हप्त्यातून एकदा पाणी. तुला कुठून देऊ? हा फोम घे अन् फास. लोकांना काय कळतंय?"

"मला कळतंय ना," म्हटलं अन् तसाच उठलो.

ऑफिसात सगळे हसले. मेव्हण्याच्या साखरपुड्यात बायको माझ्यापासून लांब जाऊन बसली. विचारील त्याला मी एकच सांगायचो, "शंकररावांनी वाटीभर पाणी दिलं नाय."

शेवटी शंकरराव स्वतः भरलेला तांब्या घेऊन दारात उभे. "कर बाबा दाढी. लई बदनामी झाली माझी."

"इथं नाय," मी म्हटलं. "जिथं अडवली तिथंच करीन, लोकांसमोर. अन् वाटी तुम्ही धरायची."