पुढचा हूक

जुनी डिझेल जीप घेतोयस ना, घे. फक्त आधी तिचे दोरी बांधायचे हूक बघ. मी रंग बघितला होता.

मला रोज ऑफिसला जायला आणि रविवारी पालीच्या किनाऱ्यावर सासऱ्यांची होडी वाळूवर ओढून घ्यायला एकच गाडी हवी होती. राई गावातल्या जीपच्या मालकाला विचारलं, "ओढकाम जमेल ना हिला?"

"दोरीची सवय आहे तिला. दोरीपण गाडीसोबत देतो," तो म्हणाला. मला माणूस दिलदार वाटला.

रविवारी जीप थेट किनाऱ्यावर नेली, होडीकडे पाठ करून लावली, बंद केली आणि ऐटीत उतरलो. सासऱ्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"जावई, मागचा हूक कोरा हाय. पुढचा पार घासलाय."

"म्हणजे?"

"चालू करा."

मी चावी फिरवली. जीप दोनदा खोकली, मग तिने तेही बंद केलं.

 सासऱ्यांनी दोरी उचलून पुढच्या हुकात अडकवली आणि होडीपाशी उभ्या मंडळींना हाक दिली, "चला रे, आज दोन होड्या वढायच्या हायत."